ब्लॉकची दहा मिनिटं

मशीनच्या पडद्यावर आधी आलेखाची एक टेकडी आली, मग तिच्या उजवीकडे दुसरी, आणि दुसरीच्या उतारावर एक छोटासा खांदा. त्या खांद्यापाशी माझ्या तोंडचं पाणी पळालं. खरं तर घाबरण्यासारखं काही नव्हतं. मशीनला लावलेली ती नळी चुकलेली होती आणि चुकली आहे हे मला माहीत होतं. सकाळी एका पेशंटच्या रक्तातल्या पेशी मी दोन नळ्यांत सारख्या वाटून घेतल्या, पहिलीत खोटी चमक थोपवणारा ब्लॉक टाकला, आणि तेवढ्यात लॅबच्या प्रमुख मॅडमनी केबिनमधून सहीसाठी हाक मारली. परत आले ती दोन्ही नळ्यांत ब्लॉक गेला आहे असं धरूनच. अँटीबॉडी टाकून झाल्यावर दुसरीतली पातळी जरा कमी दिसली, तेव्हा कुठे लक्षात आलं. फेकून द्यायला हवी होती. पण म्हटलं, असू दे, बघू तरी. एकोणीस वर्षं मी या लॅबमध्ये येईल त्याला बजावत आले की ब्लॉक विसरू नका, आणि विसरला तर नेमकं काय दिसतं ते स्वतः कधी पाहिलं नव्हतं. हौसेला मोल नाही म्हणतात. पहिली नळी अंधारी गेली, म्हणजे त्या माणसाच्या पेशींवर आम्ही शोधत होतो तो रिसेप्टर, औषध ज्याला धरतं ती खुंटी, नव्हताच. दुसरी नळी, त्याच माणसाच्या त्याच पेशी, लखलखली.

"घड्याळबाई, एका माणसाचे दोन निकाल? आज तुमचं घड्याळ मागे पडलं वाटतं," मशीनवाला म्हणाला. पेशी मोजायचं यंत्र तोच चालवतो आणि बारा महिने त्याच फिरत्या खुर्चीत बसलेला असतो. मी प्रत्येक गोष्टीला टायमर लावते म्हणून माझं हे नाव त्यानेच पाडलं. मी म्हणाले, "पहिला खरा. दुसऱ्यात ब्लॉक राहिला." तो पडद्याकडे वाकून म्हणाला, "राहिला तरी काय झकास आलाय बघा. अगदी खऱ्यासारखा." मी हसले. हसणं तोंडावरच राहिलं, कारण तो खांदा मी आधी पाहिलेला होता. नुसता पाहिलेला नाही, मला तो पाठ होता. दोन टेकड्या आणि उजव्या उतारावर खांदा असलेला एक कागद माझ्या घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. रोज सकाळी टॉवेल काढताना मी तो पाहते आणि मला बरं वाटतं. तो माझ्या दादाचा आलेख आहे.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला सगळं हाताने समजतं, त्यामुळे अँटीबॉडी समजावताना मी माझे दोन्ही हात वर करून त्याच्यासमोर उभी राहिले होते. म्हटलं, असं बघ, हिला दोन हात आणि एक शेपटी. हात जगात एकाच गोष्टीला धरतात, ज्या रिसेप्टरसाठी ती बनवली त्यालाच. आम्ही तिच्या अंगाला रंग लावून ठेवतो. ज्या पेशीला ती धरेल ती पेशी मशीनमध्ये चमकते. चमकली म्हणजे तुझ्या आजारी पेशींवर तो रिसेप्टर आहे, आणि नवीन औषध त्याच रिसेप्टरला धरून आत जातं. म्हणजे चमकली तरच औषध तुझ्या कामाचं. दादा म्हणाला, "आणि शेपटी कशाला?" तो असंच विचारतो, जे कोणी विचारत नाही तेच. मी म्हटलं, शेपटी पकडणारे आकडे काही पेशींवर असतात, तुझ्या आजारातल्या पेशींवर तर पुष्कळच. ते कुठल्याही अँटीबॉडीची शेपटी पकडून ठेवतात, तिच्या हातात काहीही नसलं तरी. म्हणून आधी ते आकडे बंद करायचे. त्याला ब्लॉक म्हणतात. दहा मिनिटं लागतात. "आणि नाही बंद केले तर?" तर खोटं चमकतं, मी म्हणाले. दादा हसला. "म्हणजे ब्रेक न तपासता लिफ्ट चालू करायची. आमच्यात असल्या माणसाला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात."

मी बारा वर्षांची असताना त्याने मला एकदा लिफ्टच्या टपावर नेलं होतं. तो तेव्हा काम शिकत होता आणि मला अंधाऱ्या जिन्याची भीती वाटायची, म्हणून माझी भीती मोडायचा त्याने विडा उचललेला. खाली सात मजल्यांचा काळोख, वर तेलकट दोर, भिंतीतून येणारा ओलसर वास. त्याने बॅटरी मारून लोखंडी जबडे दाखवले. "दोर तुटला तरी हे धरतात. पण धरतात की नाही ते दर वेळी हाताने बघायचं. वहीत लिहिलंय म्हणून धरत नाहीत ते." माझी भीती काही मोडली नाही. मी त्याच्या शर्टाची मागची बाजू दोन्ही मुठींत धरून बसले होते आणि डोळे मिटून घेतले होते. पण तेव्हापासून मला वाटत आलं की जगातल्या सगळ्या काळोख्या जागांत दादा आधी जाऊन आलेला आहे, आणि तिथे काय आहे ते त्याने हाताने चाचपून पाहिलेलं आहे. तीन वर्षांपूर्वी त्याला रक्ताचा तो सावकाश चालणारा आजार झाला तेव्हाही त्यानेच मला धीर दिला. दर महिन्याला सात दिवस इंजेक्शनं घ्यायची. ते सात दिवस आणि नंतरचे चार तो भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि वहिनी दाराबाहेर बादली घेऊन बसायची. पण रक्तातल्या आजारी पेशींचे आकडे जागेवर राहिले होते. वाढत नव्हते. मग मॅडमचा अभ्यास सुरू झाला, नव्या औषधाचा. मीच त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुझं मशीन काय म्हणतं ते बघ. तू सांगशील ते."

मी माझ्या टेबलाशी परत आले. बसले. दुसरं रक्त यायचं होतं, त्याची नावनिशी करायची होती, आणि मी नुसती हातमोजे काढून पुन्हा घालत होते. दोन आलेख सारखे दिसले म्हणून काही होत नाही, मी स्वतःला सांगितलं. माणसांचे चेहरे नाही का सारखे दिसत? दादाच्या पेशी खऱ्याच चमकल्या असतील, त्याही तशाच दिसणार. मग मी त्या दिवसाकडे गेले. साडेतीन महिने झाले, आणि मला त्या दिवसातलं सगळं आठवत होतं. सकाळी दहाला त्याचा फोन: "काढलं बघ. येतंय तुझ्याकडे." नळीवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो, पण त्या सकाळी एकच नळी आली. आमच्याकडे नियम आहे, नात्यातल्या माणसाचं रक्त आलं तर सांगायचं आणि दुसऱ्याच्या हाती द्यायचं. मी सांगितलं नाही. दुसऱ्याच्या हातावर माझा विश्वास नव्हता. एकीला बोलायची सवय आहे, दुसरा घाईचा आहे, आणि हे दादाचं रक्त होतं. डाव्या अंगठ्याशी हातमोजा फाटला होता ते मला आठवलं. नळी अजून कोमट होती ते आठवलं. मी मनात त्या पेशींशी बोलत होते, चमका गं बायांनो, चमका. स्पिरिटचा वास, खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा. फक्त टायमरची घंटा आठवेना. दहा मिनिटं झाली की तो किरकिरतो, मी डाव्या कोपराने तो बंद करते. त्या दिवशी अर्ध्या तासाचा किरकिरलेला आठवत होता, अँटीबॉडीचा. त्याच्या आधीचा आठवत नव्हता.

वही काढली. त्या दिवसाचं पान. चौकटी एकाखाली एक: पेशी धुतल्या, ब्लॉक दहा मिनिटं, अँटीबॉडी अर्धा तास अंधारात, पुन्हा धुतल्या. प्रत्येकीत माझी टीक. जीव भांड्यात पडायला हवा होता. पण त्या टिका कशा होतात ते माझ्याहून चांगलं कोणाला माहीत? ओल्या हातमोज्याने पेन धरायचं नाही, हाही नियमच, आणि चांगला नियम, नाहीतर पेनाला रक्त लागेल आणि पेन सगळीकडे फिरेल. म्हणून काम चालू असताना कोणीच टीक करत नाही. सगळं संपलं, हातमोजे टाकले, हात धुतले की वही ओढायची आणि वरून खाली एका दमात टीक, टीक, टीक, टीक. वहीतल्या चारही टिका एकाच कलाने, एकाच दाबाने झालेल्या होत्या. काम झालं म्हणून केलेल्या नव्हत्या, पान संपलं म्हणून केलेल्या होत्या. अशी पानं मी एकोणीस वर्षं भरली आहेत आणि त्यांच्याखाली मॅडमची सही आहे.

मग मला एक सुचलं आणि सुचलं नसतं तर बरं, असं वाटलं. रक्त आलेली वेळ बाहेरच्या रजिस्टरात असते, आणि मशीन आपली वेळ आपण लिहितं. रजिस्टर म्हणालं, दहा चाळीस. मशीन म्हणालं, बारा पाच. पंच्याऐंशी मिनिटं. मी कागदाच्या कडेला शाळेतल्या पोरीसारखी बेरीज मांडली. लाल पेशी काढून धुवायला पस्तीस, ब्लॉक दहा, अँटीबॉडी तीस, शेवटचं धुणं वीस. पंचाण्णव. पुन्हा मांडली. धुणं लवकर होऊ शकतं का? होत नाही. गरगर फिरवणाऱ्या मशीनची वेळ ठरलेली असते, ते कोणाच्या भावासाठी भरभर फिरत नाही. पुन्हा पंचाण्णव. दहा मिनिटं कुठेच बसत नव्हती. माझे कान बंद झाले, विमानात होतात तसे, आणि फ्रिजची घरघर लांबून येऊ लागली. मी घाई केली होती. मला लवकर कळायला हवं होतं. दुसऱ्यांचे हात घाईचे म्हणून ज्या बाईने नियम मोडला त्या बाईनेच घाई केली. आणि बारा पाचला त्या दोन टेकड्या पाहून, कोणालाही काही सांगायचं नसतं हे विसरून, मी जिन्यात जाऊन त्याला फोन केला होता, "दादा, चमकल्या!" तो म्हणाला होता, "मग झालं. सोडतो ती इंजेक्शनं." पुढच्याच आठवड्यात त्याने ती सोडली.

दादाच्या पेशींची एक कुपी गोठवणाऱ्या टाकीत होती. एकच. प्रत्येकाची एक ठेवतो. मी कोणाला न विचारता गेले. टाकीचं झाकण उघडलं की पांढरी वाफ कडेवरून ओघळून पायावर येते, जाड हातमोज्यातूनही थंडी बोटांना चावते. रॅकमधून कुपी काढताना मला वाटलं, ही हातातून पडावी. पडून फुटावी. मग कळायचा मार्गच राहणार नाही, आणि ज्याला मार्ग नाही त्याला दोषही नाही. असं मला वाटलं, हे मी लपवत नाही. कुपी पडली नाही. माझ्या हातांनी एकोणीस वर्षांत कधी काही पाडलेलं नाही. कोमट पाण्यात ती धरली, बर्फाचा शेवटचा खडा विरघळेपर्यंत. पेशी धुतल्या. ब्लॉक टाकला. टायमर खिशात नाही, मुठीत धरला, आणि दहा मिनिटं त्याच्या आकड्यांकडे बघत उभी राहिले. कोणाचं तरी नाव घ्यावंसं वाटलं. सुचलं ते दादाचंच. शेजारच्या नळीत, ज्यांच्यावर रिसेप्टर नक्की आहे अशा पेशी घेतल्या, म्हणजे मागाहून मला अँटीबॉडीच बिघडली असं म्हणता येऊ नये. स्वतःची मी इतकी ओळख ठेवून आहे.

मशीनवाल्याने आधी ती ओळखीची नळी लावली. चमकली. मग दादाची. थेंब आत ओढल्याचा बारीक आवाज झाला आणि ठिपके पडू लागले, डावीकडे, सगळे डावीकडे, एकमेकांवर. पाचशे, हजार, दोन हजार. मी उजव्या बाजूची वाट बघत होते. एखादी टेकडी नको, नुसता उंचवटा आला तरी चाललं असतं. पाच हजारांवर मशीन थांबलं. डावीकडे एक काळसर, आटोपशीर टेकडी. उजवीकडे काही नाही. "हा बाद," मशीनवाला म्हणाला. "बिचारा. सगळ्यांनाच थोडंच लागू पडतं औषध." त्याने नळी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली, कारण त्याला वाटलं हे आजचंच कोणाचं तरी रक्त आहे. मी म्हणाले, "हो."

जिन्यात जाऊन बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुपी संपली, नळी डब्यात गेली, वहीत टीक आहे, टिकेखाली सही आहे. मी बोलले नाही तर कोणाला काही कळणार नाही. आणि बोलले तर काय होईल? साडेतीन महिने दादा दर पंधरा दिवसांनी आरामखुर्चीत हात पसरून ज्या औषधाला बसतो ते औषध त्याच्या अंगातून नुसतं वाहून गेलं आहे, त्याला धरायला तिथे काही नाही, हे त्याला कळेल. मागच्या महिन्यात आकडे वाढले होते. डॉक्टर म्हणाले, थांबू थोडं. मीही म्हणाले, दादा, सुरुवातीला असं होतं. कशावरून म्हणाले? कपाटातल्या कागदावरून. आत्ता, मी पायरीवर बसलेली असताना, ते वाढतच होते. गेले साडेतीन महिने ते वाढत होते आणि मी रोज सकाळी टॉवेल काढत होते. मला नोकरीची भीती वाटत होती का? वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण ती भीती लहान होती, कोपऱ्यात उभी होती. मोठी भीती वेगळीच होती. आत्ता परत जुनी इंजेक्शनं सुरू केली तर ती पूर्वीसारखी धरतील की नाही, हे मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. पण उद्यापेक्षा आज बरं, एवढं कळत होतं, आणि ते कळत असूनही मी अकरा मिनिटं तिथे बसून राहिले. घड्याळबाई ना मी. मोजली.

मॅडमनी नळीचं आणि कुपीचं सगळं ऐकून घेतलं. आधी त्यांनी तेच विचारलं जे मी त्यांच्या जागी विचारलं असतं: "आणखी कोणाच्या नळ्या अशा गेल्या असतील?" मी म्हणाले, "माहीत नाही. टिका सगळ्यांच्याच सारख्या असतात." त्यांनी वही ओढून घेतली आणि पानं उलटायला लागल्या. उलटता उलटता त्यांच्या हाताचा वेग कमी झाला. प्रत्येक पानाखाली त्यांची सही होती. "सगळ्या कुप्या काढाव्या लागतील. आजच," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "इतक्या क्रमांकांत हाच तुम्ही का तपासलात?"

"माझा भाऊ आहे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावतील असं वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी डॉक्टरांना आत्ता फोन करते. ते त्यांना कळवतील. तुम्ही सांगायचं नसतं, माहीत आहे ना?"

"चमकल्या हे मीच सांगितलं होतं, मॅडम."

त्यांनी चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मग जा," त्या म्हणाल्या. "अर्धा तास थांबते मी."

दादाने फोन उचलला तेव्हा मागे टीव्ही चालू होता. "काय गं, आज दुपारीच?" मी म्हणाले, दादा, टीव्ही बंद कर. त्याने केला. मग मी सांगितलं. घुमवून नाही सांगितलं. ब्लॉक राहिला, माझ्या हातून राहिला, तुझ्या पेशींवर तो रिसेप्टर नाहीच, शेपट्या चमकल्या होत्या.

"म्हणजे इतके दिवस नुसतं पाणीच?"

"पाणी नाही दादा, औषधच. पण तुझ्यात त्याला धरायला काही नव्हतं."

"मग मागच्या महिन्यात आकडे वाढले ते..."

"हो."

"आणि जुनी इंजेक्शनं?"

"उद्या सुरू करतील. डॉक्टरांचा फोन येईल आता."

"ती चालतील ना पण? पहिल्यासारखी?"

चाळीस वर्षांत त्याने मला विचारलेलं हे पहिलंच, ज्याचं उत्तर त्याला माझ्याकडून एकच हवं होतं. "माहीत नाही," मी म्हणाले. मी वाट बघत राहिले. घोड्यासारखी वाढलीस पण अक्कल नाही, असं काहीतरी तो बोलेल, आणि मग आम्ही दोघं रडू किंवा भांडू. पण तो बोलला तेव्हा आवाज दादाचा नव्हता. बारीक होता, खालून कुठूनतरी येत होता, आणि मला कळलं की तो घाबरलाय. तोवर मी त्याला घाबरलेला कधीच पाहिला नव्हता.

"तुझ्या वहिनीला तूच सांग," तो म्हणाला. "माझ्याच्याने नाही होणार."

फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली. "बोल गं!" वहिनीचा आवाज नेहमीसारखा, घाईचा, हसरा. "सांगितलं का यांनी? आज दोन जिने न थांबता चढले तुझे दादा. मी मागे राहिले, बोल! म्हटलं, औषधाने रंग दाखवला एकदाचा."

"वहिनी," मी म्हणाले, "तू आधी खाली बस."